आधी रूळ पुसा

नाशिकमधल्या एका बंगल्याच्या वरच्या मजल्यावर, एसी लावलेल्या खोलीत, मी खिशातून पाचाचं नाणं काढलं तेव्हा यजमानांना वाटलं, मी ओवाळणी टाकतोय. समोर मोठ्या हौसेने मांडलेली आगगाडी होती. मी ते नाणं दोन्ही रुळांवर आडवं टेकवलं आणि थांबलो. काहीच झालं नाही. तेच तर वाईट होतं.

नाणं टेकवलं म्हणजे सरळसरळ शॉर्ट सर्किट. अशा वेळी रुळांना वीज पुरवणाऱ्या डब्याने, म्हणजे बूस्टरने, पापणी लवायच्या आत पुरवठा तोडला पाहिजे. इथे बूस्टरचा हिरवा दिवा मजेत चालू. आणि टेबलाखालून मला माझ्या दुकानातला ओळखीचा वास आला, वायरीचं प्लास्टिक मऊ पडतं तेव्हा येतो तो. मी झटकन नाणं उचललं. यजमान खूश. "बघा, काही झालं नाही ना? वायरिंग एकदम ओके आहे. मग गाडी सारखी अडते का? ही डीसीसी सिस्टीमच बोगस निघाली, मिस्त्री."

मिस्त्री म्हणजे मी. वणीत माझं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. सप्तशृंगी गडाखालचं वणी. इथे द्राक्षं आहेत, टोमॅटो आहेत, कांदा आहे, चैत्रात आणि नवरात्रात पायी येणाऱ्या माणसांचा पूर आहे. रेल्वे मात्र नाही. गाडी पकडायची तर नाशिकरोड गाठावं लागतं. बोअरमधली जळालेली मोटर येते, तिची कॉइल फाडायची, नवी भरायची, वार्निश मारून भट्टीत सुकवायची, यात माझी तीस वर्षं गेली. दुकानाच्या माडीवर बारा बाय सहा फुटांच्या फळीवर माझी स्वतःची आगगाडी आहे, खरीपेक्षा सत्त्याऐंशीपट लहान. बायको तिला 'तुमचं खेळणं' म्हणते आणि पाहुण्यांना माडीवर नेत नाही. तिचं बरोबर आहे. तिथे सोल्डरचा धूर असतो.

तर या बोगस सिस्टीमविषयी मला चार शब्द सुनवायचे आहेत. सिस्टीमला नव्हे, त्या यजमान साहेबांना.

आधी ज्यांना यातलं ओ की ठो माहीत नाही त्यांच्यासाठी. जुन्या पद्धतीच्या खेळण्यातल्या गाडीत रुळांत जेवढी वीज सोडाल तेवढं इंजिन पळतं. बटण जास्त फिरवलं की जोरात, उलटं फिरवलं की मागे. रुळावर दोन इंजिनं ठेवलीत तर दोघंही पळणार, कारण बटण एक आणि वीज एक. आमच्या सप्तशृंगी गडावर २०१८ पासून फ्युनिक्युलर ट्रॉली आहे, ती डोळ्यासमोर आणा. दोन गाड्या, मध्ये एक दोर. एक चढली की दुसरी उतरणारच, वरच्या गाडीतल्या माणसाला अजून देवीपुढे उभं राहायचं असलं तरी. पायऱ्या चढणं ज्यांच्या गुडघ्यांना झेपत नाही त्यांच्यासाठी ती सोय लाखमोलाची आहे, पण दोन गाड्यांचं नशीब एका दोराला बांधलेलं आहे ते आहेच. जुनी डीसी पद्धत तशी. प्रत्येक गाडीला वेगळं चालवायचं तर रूळ ठिकठिकाणी कापा, तुकडे वेगळे करा, प्रत्येक तुकड्याला एक खटका लावा आणि गाडीबरोबर खटके पाडत पळा. त्यात गाडी चालवल्याची मजा कमी आणि सबस्टेशनवर ड्युटी केल्यासारखं जास्त.

डीसीसी म्हणजे डिजिटल कमांड कंट्रोल. इथे रुळांत कायम सारखीच वीज असते, चौदा-पंधरा व्होल्ट. गाडी उभी असली तरी असते. ती सेकंदाला हजारो वेळा दिशा पालटते आणि त्या पालटण्यातच निरोप असतो. एका दिशेला ५८ मायक्रोसेकंद राहून पालटली तर एक, १०० किंवा जास्त राहिली तर शून्य. मायक्रोसेकंद म्हणजे एका सेकंदाचे दहा लाख तुकडे केले तर त्यातला एक. प्रत्येक इंजिनाच्या पोटात नखाएवढा डिकोडर असतो आणि त्याला नंबर असतो. नवा डिकोडर सहसा ३ नंबर घेऊनच येतो.

चैत्रोत्सवात गडावर भोंगा चालू असतो ना: "अमळनेरहून आलेल्या मावशी, तुमचा नातू पोलीस चौकीत बसला आहे." ऐकतात हजार लोक, धावते एकटी मावशी. आणि गर्दीच्या आवाजात पहिल्यांदा ऐकू आलं नसेल म्हणून भोंगेवाला तेच तेच पुन्हा सांगत राहतो. डीसीसीचं कमांड स्टेशन अगदी हेच करतं. निरोप परत परत, प्रत्येकाच्या शेवटी पडताळणीचा एक आकडा. तो जुळला नाही तर डिकोडर तो निरोप सोडून देतो आणि पुढच्याची वाट बघतो. जर्मनीच्या बर्न्ड लेन्झने ही पद्धत उभी केली, अमेरिकेतल्या मॉडेल रेल्वेवाल्यांच्या संघटनेने १९९०च्या दशकात तिचं प्रमाण ठरवलं, म्हणून आज एका कंपनीचा डिकोडर दुसऱ्या कंपनीच्या बूस्टरवर चालतो. मोबाईलच्या चार्जरला सुद्धा इतकी अक्कल यायला वेळ लागला.

आता साहेबांची चूक कुठे आहे ते सांगतो. भोंग्याची वायरच तुटकी असेल तर मावशीला ऐकू काय येणार? "मा... शी, तु... ना..." एवढंच. जुन्या पद्धतीत रूळ मळलेले असले तर गाडी जरा अडखळायची, दिवा लुकलुकायचा, बोटाने ढकललं की पुढे जायची. म्हातारा माणूस खड्ड्याच्या रस्त्याने जातो तशी, पण जायची. डीसीसीत चाक आणि रूळ यांच्यात धुळीचा कण आला की डिकोडरचं डोकंच बंद पडतं. पुढच्या क्षणी संपर्क आला की ते पहिल्यापासून जागं होतं. आवाजवालं इंजिन असेल तर तमाशा बघा: डिझेल इंजिन सुरू झाल्याचा घरघराट, मग हॉर्न, दोन इंच चाल, पुन्हा बंद, पुन्हा पहिल्यापासून घरघराट. दर फुटाला पुनर्जन्म. साहेबांचं इंजिन नेमकं हेच करत होतं आणि साहेब मला मोबाईल दाखवत होते. "ॲप अपडेट केलंय मी कालच."

मी पांढरं सुती कापड आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलं आणि हातभर रूळ पुसला. कापडावर काजळासारख्या दोन काळ्या रेघा. साहेबांना दाखवल्या. ते म्हणाले, "असं कसं? खोली तर रोज झाडतात."

खोली झाडतात, रूळ कोण झाडतो? निकेल सिल्व्हरच्या रुळात चांदीचा कण नसतो, तांबं, निकेल आणि जस्त असतं. त्यावर थर चढतो, चाकांचं तेल बसतं, बारीक ठिणग्यांनी काजळी धरते. माझ्याकडे तर ऑक्टोबर छाटणीनंतर द्राक्षाच्या फवारण्या सुरू झाल्या की माडीवरच्या प्रत्येक वस्तूवर पापुद्रा येतो. मी दर रविवारी पुसतो. सगळे. बोगद्यातले सुद्धा, काठीला कापड बांधून. हे काम कुठल्याच ॲपमध्ये नाही.

मग मी टेबलाखाली शिरलो. साहेब म्हणाले, "खाली काही नाही, खाली नुसत्या वायरी आहेत."

नुसत्या वायरी! मला असं वाटलं, बाहेर यावं आणि नमस्कार करून वणीची एसटी पकडावी. टेबलावर डोंगर होता, बोगदा होता, स्टेशन होतं, फलाटावर बाकडी, बाकड्यांवर माणसं, एका माणसाच्या हातात पेपर सुद्धा होता. त्या पेपरवाल्यावर कारागिराने किती दिवस घालवले असतील देव जाणे. आणि खाली काय? टेलिफोनची केसासारखी वायर. जोड सगळे पिळे मारून आणि वरून काळी टेप. सोल्डरचा टिपूस नाही. अख्ख्या रुळाला वीज एकाच टोकाला दिलेली. पुढची सगळी रुळाच्या जोडपट्ट्यांमधून, प्रत्येक सांध्याशी थोडी थोडी झिजत शेवटापर्यंत पोचणार. म्हणून मी नाणं टेकवूनही बूस्टरने पुरवठा तोडला नाही. वाटेतच इतका अडथळा होता की शॉर्ट झालेलं बूस्टरला कळेचना. त्याला वाटलं, गाड्या जरा जड आहेत. ती वीज जाणार कुठे? वायर तापवणार. बूस्टरचे पाच अँपिअर ही शोभेची गोष्ट नाही. मी शेतकऱ्यांच्या स्टार्टरमध्ये याहून कमी विजेने कोळसा झालेले जोड रोज बघतो.

मी केलेल्या या तपासणीला म्हणतात नाणं टेकवणं. दर दोन-तीन फुटांवर, प्रत्येक सायडिंगच्या टोकाला नाणं टेकवायचं. बूस्टरने दर वेळी पुरवठा तोडला तरच वायरिंग पास. फुकटची परीक्षा आहे. साहेबांच्या लेआउटवर मी अकरा जागी नाणं टेकवलं. तीन जागी पास. अकरापैकी तीन. शाळेत असतं तर पालकांना बोलावलं असतं.

हा सगळा घोळ एका वाक्याने घातलाय. 'दोन वायरी जोडा आणि खेळायला लागा.' डीसीसी विकणाऱ्यांनी जगभर हे वाक्य मिरवलं आणि आमच्या हौशी मंडळींनी ते तीर्थासारखं प्राशन केलं. दोन वायरी! दोन वायरींवर लग्नातली माळ चालते. आगगाडीला टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत अडीच एमएमची मुख्य वायर लागते, तिच्यापासून दर तीन-चार फुटांवर रुळाला सोल्डर केलेली बारीक वायर लागते, लाल ती लाल आणि काळी ती काळी अशी शेवटपर्यंत शिस्त लागते. रूळ वळून स्वतःलाच येऊन मिळत असेल तर उजवा रूळ डाव्याला भिडतो आणि तिथे आपोआप पोल बदलणारं यंत्र लागतं. डिजिटल आलं म्हणजे हे सगळं सुटलं, असं ज्यांना वाटतं त्यांच्याबद्दल मला राग येत नाही, भीती वाटते. हीच माणसं उद्या बोअरच्या मोटरला मोबाईल स्टार्टर बसवतात, फेज तपासत नाहीत, आणि मोटर जळली की खांद्यावर टाकून माझ्याकडे येतात. "मिस्त्री, स्टार्टर तर नवीन आहे हो." स्टार्टर नवीनच असतो. जुनं असतं ते बाकीचं सगळं. रेशनच्या दुकानात यंत्र चकचकीत असतं आणि आयुष्यभर खुरपं धरलेल्या म्हातारीचा अंगठा त्यावर उमटत नाही. तिथेही तेच, वर डिजिटल आणि खाली कोणी वाकून बघत नाही.

साहेबांची दुसरी तक्रार भुताटकीची होती. एक महागडं इंजिन मध्येच कोणी हात न लावता भन्नाट सुटायचं. एकदा तर टेबलावरून खाली गेलं. वहिनींनी त्याची दृष्ट काढली होती म्हणे. मिठा-मोहरीचा खर्च बाकी सगळ्या खर्चापेक्षा शहाणपणाचा होता. त्यात भूत नव्हतं, २९ नंबरची सीव्ही होती. डिकोडरच्या पोटात अशा नंबर घातलेल्या कप्प्यांत त्याचा स्वभाव लिहून ठेवलेला असतो: १ मध्ये पत्ता, २ मध्ये किती विजेला हलायचं, ३ मध्ये किती हळू वेग घ्यायचा, ४ मध्ये किती हळू थांबायचं. २९ मध्ये बाकीच्या सवयींची बेरीज. कारखान्यातून येताना तिथे बहुतेक वेळा ६ असतो. त्याचा एक अर्थ असा की डिजिटल निरोप मिळाला नाही तर मी जुन्या साध्या विजेवर सुद्धा धावेन. रूळ मळका, निरोप तुटका, डिकोडरला वाटतं आपण जुन्या जमान्यात आलो, समोर पंधरा व्होल्ट दिसतात आणि तो फुल स्पीडने सुटतो. ६ च्या जागी २ लिहा, भूत गेलं. मला अर्धं मिनिट लागलं. साहेबांनी विचारलं, "हे ॲपमध्ये कुठे असतं?" ॲपमध्ये होतं. तिसऱ्या पानावर. त्यांनी पहिलं पान सोडलंच नव्हतं, कारण पहिल्या पानावर हॉर्न होता.

आवाजाची तर गोष्टच सोडा. शून्य ते अठ्ठावीस, एकोणतीस बटणं. शिटी, घंटा, ब्रेकचा चीत्कार, फलाटावरची घोषणा. अशा मंडळींच्या बैठकीला गेलात तर सात इंजिनं एका वेळी उभ्याने भुंकत असतात आणि एकही गाडी सुटत नाही. वेळापत्रक नाही, सिग्नल नाही, कोणती गाडी कोणासाठी थांबणार याचा विचार नाही. खरी रेल्वे म्हणजे थांबणं आहे हो. अर्धी रेल्वे म्हणजे दुसऱ्याला वाट देणं.

माझी स्वतःची अक्कल किती पाजळावी? एक इंजिन मीच मारलं आहे, ते सांगतो, नाहीतर हा लेख खोटा ठरेल. जुनं साधं इंजिन होतं, त्यात डिकोडर बसवायचा होता. लाल वायर उजव्या चाकाला, काळी डाव्या, नारिंगी आणि करडी मोटरला, पांढरी पुढच्या दिव्याला, पिवळी मागच्या. हे रंग जगभर ठरलेले आहेत, मला तोंडपाठ. एकच अट: मोटरचे दोन्ही ब्रश इंजिनाच्या लोखंडी अंगापासून पूर्ण सुटे पाहिजेत. जुन्या इंजिनात एक ब्रश अंगालाच टेकलेला असायचा, तीच त्याची वायर. आमच्या धंद्यात याला बॉडी शॉर्ट म्हणतात. दुकानात आलेली प्रत्येक मोटर मी आधी मेगर लावून बॉडीला तपासतो. न तपासता वाइंडिंग बांधणाऱ्या कारागिराला मी स्वतः दुकानातून हाकललं आहे. आणि रात्री साडेअकरा वाजता, झोप आली म्हणून, एवढंसं तर इंजिन आहे म्हणून, मी तपासलं नाही. रुळावर ठेवलं. एक बारीक निळा धूर. दोन महिने वाट बघून मागवलेला डिकोडर वाटाण्याएवढ्या राखेचा झाला. भाचा शेजारी बसला होता. तो एवढंच म्हणाला, "मामा, मेगर?" त्या कार्ट्याला मी अजून माफ केलेलं नाही.

पण ज्या कामासाठी डीसीसी आहे ते काम बघायचं असेल तर कसारा घाटात जा. तिथे ३७ फुटांमागे एक फूट चढ आहे. मुंबईकडून आलेल्या गाडीला कसाऱ्याला मागून जोडइंजिनं लागतात, बँकर म्हणतात त्यांना, आणि ती गाडी रेटत इगतपुरीला नेऊन सुटतात. लहानपणी वडिलांबरोबर इगतपुरीच्या फलाटावर बसून मी ते तासन् तास पाहिलं आहे. तेव्हा तिथे आणखी एक गंमत होती. मुंबईकडची १५०० व्होल्टची डीसी आणि नाशिककडची २५,००० व्होल्टची एसी तिथेच एकमेकींना भेटायच्या, आणि गाडीचं इंजिन बदलावं लागायचं. ती डीसी हळूहळू मागे हटत गेली. एप्रिल २०१६ मध्ये हार्बरवर शेवटची डीसी लोकल धावली. खऱ्या रेल्वेने डीसी सोडली ती आधी खांब, तारा, सबस्टेशनं बदलून, मग गाड्या बदलून. कोणी सीएसएमटीला ॲप उघडून बसलं नव्हतं.

जुन्या पद्धतीत टेबलावर बँकर चालवणं जवळपास अशक्य. पुढचं आणि मागचं इंजिन एकाच विजेवर, मागचं सोडवायचं तर रूळ कापा. डीसीसीत दोघांना एका जोडीत बांधता येतं, वर पोचलं की जोडी सोडून मागचं आपलं आपण खाली परत आणता येतं. ज्या दिवशी माझ्या फळीवर बँकर सुटून घाट उतरला त्या दिवशी मी खाली जाऊन बायकोला वर बोलावून आणलं. ती पाच मिनिटं उभी राहिली. तिच्या मानाने ते खूप आहे.

आणि इथेही काम टेबलाखाली नाही तर इंजिनाच्या पोटात करावंच लागतं. दोन इंजिनांची चाल जुळवावी लागते. कोणत्या विजेला हलतं, मध्यावर किती धावतं, जास्तीत जास्त किती, हे दोघांचं एक करायचं, सीव्ही २, ६ आणि ५ यांत आकडे भरून, घड्याळ लावून, पुन्हा पुन्हा. शेतकऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. एक बैल ओढाळ आणि एक बसका असेल तर जू मोडतं. साहेबांनी दोन इंजिनं न जुळवता जोडली होती. पुढचं ओढत होतं, मागचं ढकलत होतं, मधले डबे वळणावर कमानीसारखे उभे राहून पडत होते. त्यांचं निदान: "डबे हलके आहेत."

यावर नेहमीचं उत्तर येतं, आपल्याकडे हे महाग आहे, म्हणून नीट होत नाही. महाग आहे हे खरं. सरकारच्या पुस्तकात हा सगळा माल खेळण्यांच्या मथळ्याखाली येतो. लहान मुलाची तीनचाकी आणि मोजूनमापून बनवलेलं इंजिन एकाच रांगेत. खेळण्यांवरचं आयात शुल्क २०२० च्या अर्थसंकल्पात २० टक्क्यांवरून ६० वर नेलं, २०२३ मध्ये ७० वर. खेळण्यांचा गुणवत्ता आदेश आला तो चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांसाठी, आणि माझं पार्सल अडवणाऱ्याने मला विचारलं होतं, हे मुलांसाठी आहे का? मी एकोणसाठ वर्षांचा आहे. बायकोला फोन लावून दिला असता तर ती हो म्हणाली असती.

हे रडगाणं मीही गातो. पण साहेब, कापडाच्या चिंधीवर आयात शुल्क नाही. सोल्डरवर नाही. अडीच एमएमची वायर वणीतल्या कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळते. ज्याला खरंच पैसे वाचवायचे आहेत त्याने आर्डुइनो घ्यावा, त्यावर मोटर शील्ड चढवावी, डीसीसी-ईएक्स हे फुकटचं सॉफ्टवेअर भरावं आणि कमांड स्टेशन घरी करावं. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर एका चकरेत सगळं मिळतं. माझं असंच केलेलं आहे, साबणाच्या डब्यात बसवलंय. परदेशी डब्यावरून नाक मुरडणारे माझ्या साबणाच्या डब्यावरूनही नाक मुरडतात. महागही नको, स्वस्तही नको. म्हणजे त्यांना हवं तरी काय? त्यांना खरेदी हवी. वाकणं नको.

खरी गोम ही आहे. वर साहेब, खाली मिस्त्री. आपल्याकडे टेबलावरचं दिसतं ते छंद, आणि टेबलाखालचं ते मजुरी. पुण्यात कर्वे रोडलगत भाऊ जोशींनी १ एप्रिल १९९८ रोजी छोट्या रेल्वेचं संग्रहालय उघडलं; एका माणसाने आयुष्यभराचा छंद सगळ्यांसाठी खुला केला. तिथे गेलं की माणसं मोबाईल वर धरून गाड्या टिपतात, आणि टिपाव्यातच. पण मी जितक्या वेळा गेलो तितक्या वेळा एकाही बापाला पोराला घेऊन खाली वाकताना पाहिलं नाही. अमेरिकेत एमआयटीमध्ये १९४६ साली विद्यार्थ्यांनी रेल्वेचा क्लब काढला. त्यात दोन जाती पडल्या: वर डोंगर आणि घरं रंगवणारे, आणि खाली टेलिफोन एक्सचेंजच्या जुन्या भागांमधून सिग्नल आणि वीज जुळवणारे. कॉम्प्युटरच्या जगात आज 'हॅक' हा शब्द ज्या अर्थाने चालतो तो त्या टेबलाखालच्या पोरांमधून बाहेर आला. डिजिटल डिजिटल म्हणून जे नाचतात त्यांचं कूळ त्या टेबलाखाली आहे. आणि आमचे साहेब म्हणतात, खाली नुसत्या वायरी आहेत.

मी त्या दिवशी साहेबांना कागदावर लिहून दिलं. मुख्य वायर बदला, एवढे मीटर. बत्तीस जागी सोल्डर. टेप सगळी काढून फेका. आठवड्यातून एकदा कापड. माझी मजुरी सांगितली, ती त्यांच्या एका इंजिनाच्या आवाजाच्या किमतीएवढी नव्हती. ते म्हणाले, बघू, कळवतो.

परवा त्यांचा फोन आला. मला वाटलं, वायर आणली असेल. "मिस्त्री, मला एकाने सांगितलं, आपल्याला पॉवरच कमी पडतेय. दहा अँपिअरचा बूस्टर मागवलाय, जर्मनीहून. बसवायला कधी येताय?"

मी विचारलं, वायरिंग?

"वायरिंग तेच आहे. ते ओके आहे, तुम्हीच नाही का नाणं ठेवून बघितलंत?"

मी म्हटलं, बूस्टर येऊ द्या साहेब. तोवर टेबलाशेजारी वाळूची एक बादली भरून ठेवा. दोन असल्या तर उत्तम.